शहाजीराजांच्या जहागिरीतली द्राक्षं

बेंगळुरूत एका दिवसासाठी आलेल्या पाहुण्यांसाठी गेल्या काही वर्षांत सहलीचा एक नवा प्रकार चांगला रुळला आहे. सकाळी जुनं शहर बघायचं आणि दुपारी वायनरीत जायचं. गाइड बरोबर असतो, गाडी दारात येते. सकाळच्या यादीत टिपूचा महाल, किल्ला, बसवनगुडीचा मोठा नंदी आणि लालबाग. दुपारी गाडी उत्तरेला नंदी टेकड्यांच्या पायथ्याशी दोड्डबळ्ळापूरकडे वळते, नाहीतर म्हैसूर रस्त्याने चन्नपट्टणकडे. सकाळी इतिहास आणि दुपारी मौज, अशी या दिवसाची सरळ वाटणी केलेली असते. अर्धा दिवस राजेरजवाडे ऐकायचे, उरलेल्या अर्ध्यात ग्लास फिरवून वास घ्यायचा आणि संध्याकाळी ट्रॅफिकमध्ये अडकून परत यायचं.

ही वाटणी मला पटत नाही, आणि मराठी माणसाला तर ती मुळीच पटू नये. १६३८ मध्ये विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार रणदुल्लाखान आणि त्याच्याबरोबरचे शहाजीराजे भोसले यांनी बेंगळुरू घेतलं. तिथला सत्ताधीश तिसरा केंपेगौडा मागडीला निघून गेला आणि शहाजीराजांना जहागीर मिळाली. त्या जहागिरीत बेंगळुरूबरोबर होसकोटे, कोलार, शिरा आणि दोड्डबळ्ळापूर होतं. सकाळचं शहर आणि दुपारचा द्राक्षमळा साडेतीनशे वर्षांपूर्वी एकाच मराठी सरदाराच्या कारभारात होते. त्याच्याही आधीपासून त्यांना जोडणाऱ्या आणखी दोन गोष्टी आहेत, माती आणि पाणी. गाइड चांगला असेल तर तो हे धागे दाखवतो. नसेल तर आपणच डोक्यात ठेवून निघावं, म्हणून हा लेख.

दिवसाची सुरुवात लालबागेत करावी, तीही उजाडता उजाडता. हैदर अलीने १७६० मध्ये ही बाग घालायला घेतली, टिपूने ती वाढवली. इंग्रजांच्या काळात जॉन कॅमेरून या अधीक्षकाच्या कारकिर्दीत, १८८९ मध्ये, इथल्या काचघराची पायाभरणी झाली. पुष्पप्रदर्शनामुळे ते काचघर सगळ्यांना ठाऊक असतं. माझं म्हणणं असं, की काचघराला पाच मिनिटं द्यावीत आणि सरळ खडकावर चढावं. बागेच्या मधोमध उघडा पडलेला तो करडा, पट्ट्यापट्ट्यांचा कातळ म्हणजे पेनिन्सुलर नाइस, सुमारे ३०० कोटी वर्षांचा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने त्याला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक ठरवलं आहे. आपल्या सह्याद्रीचा काळा बसाल्ट साधारण साडेसहा कोटी वर्षांचा. त्याच्या शेजारी हा खडक ठेवला की वयाचा फरक लक्षात येतो. खडकाच्या माथ्यावर केंपेगौडाच्या नावाने ओळखला जाणारा छोटा मनोरा आहे. शहराच्या चार दिशांना असे चार मनोरे आहेत, त्यांतला हा एक.

या खडकाकडे नीट बघून ठेवायला हवं, कारण दुपारी जे दिसणार आहे त्याची सुरुवात इथे आहे. असले जुने खडक कोट्यवधी वर्षं झिजून जी माती होते ती तांबडी, वाळूमिश्रित, पाणी न धरणारी. आपल्याकडच्या काळ्या मातीसारखी ती फुगत नाही, भेगाळत नाही. मुळं कुजत नाहीत, पण पाण्याची चिंता कायम. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटरवर वसलेलं आहे आणि त्याच्या कुशीत मोठी नदी नाही. म्हणून पहिल्या केंपेगौडाने १५३७ मध्ये शहर वसवलं तेव्हा पेठांबरोबर तळीही बांधली. पुढे शहर वाढलं आणि तळ्यांना झेपेना, तेव्हा १८९४ मध्ये हेसरघट्टाहून नळाने पाणी आणलं गेलं. ते पाणी अर्कावतीचं आणि अर्कावती उगम पावते नंदी टेकड्यांत. दोड्डबळ्ळापूरवरून वाहत येणाऱ्या त्या नदीवर हे शहर कित्येक वर्षं जगलं. कावेरीचं पाणी आलं ते १९७० च्या दशकात. आज अर्कावतीचं पात्र बहुतेक काळ कोरडं असतं. वायनरीकडे जाताना गाइडने या नदीचं नाव काढलं नाही तर आपण विचारावं.

लालबागेहून मेट्रोच्या हिरव्या मार्गाने कृष्णराजेंद्र मार्केट स्थानकावर उतरलं की किल्ला आणि टिपूचा महाल दोन्ही पायी अंतरावर. गाडी इथे आणायचा हट्ट धरू नये. किल्ल्याचा आता एक तुकडा तेवढा उरला आहे, दिल्ली दरवाजाचा. मूळचा मातीचा किल्ला हैदरने दगडात बांधून काढला होता. मार्च १७९१ मध्ये, टिपूशी चाललेल्या युद्धात, इंग्रज सेनानी कॉर्नवॉलिसच्या फौजेने आधी पेठ घेतली आणि २१ मार्चच्या रात्री किल्ला. याच युद्धात हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजा इंग्रजांच्या बाजूने होत्या. मे महिन्याच्या शेवटी त्या श्रीरंगपट्टणजवळ पोचल्या तेव्हा कॉर्नवॉलिसचं सैन्य उपासमारीने माघार घेत होतं. त्याला धान्य मिळालं ते मराठ्यांच्या छावणीतल्या बाजारातून. टिपूचा सागवानी खांबांचा महाल पुरा झाला तोही याच १७९१ साली. ज्या वर्षी तो उभा राहिला त्याच वर्षी शहर हातचं गेलं, ही गोष्ट तिथे उभं राहून ऐकली तर ते रंग उडालेले खांब वेगळे दिसतात.

महालाहून चिक्कपेटेत शिरायचं. दोड्डपेटे, म्हणजे आजचा अव्हेन्यू रोड, आणि चिक्कपेटे जिथे एकमेकांना छेदतात त्या चौकातून चार दिशांना नांगर धरून केंपेगौडाने शहराची आखणी केली, अशी कथा आहे. रेशीम, भांडी, कापूस, तांदूळ, बांगड्या, प्रत्येक मालाची आपली पेठ. पुण्याच्या पेठांत वाढलेल्याला इथे परकं वाटत नाही.

शहाजीराजांचं वास्तव्य याच शहरात होतं. वाड्याचा आज मागमूस नाही, पण त्या दरबाराचं वर्णन शिल्लक आहे. जयराम पिंड्ये नावाचा कवी नाशिकच्या भागातून इथे आला आणि त्याने ‘राधामाधवविलासचंपू’ हा ग्रंथ रचला. वि. का. राजवाडे यांनी तो १९२२ मध्ये संपादून छापला, त्याला लांबलचक प्रस्तावना जोडली आणि शहाजीराजांच्या कर्नाटकातल्या दरबाराचं चित्र मराठी वाचकांपुढे आलं. जयराम स्वतःला बारा भाषांचा जाणकार म्हणवतो. संस्कृत, मराठी, कानडी, तेलुगू, फारसी बोलणाऱ्यांचा तो दरबार होता. आजच्या बेंगळुरूत एका रिक्षाच्या प्रवासात चार भाषा कानावर पडतात, तेव्हा मला हा दरबार आठवतो. बालवयातले शिवाजीराजे जिजाबाईंबरोबर १६४० च्या सुमारास काही काळ इथे होते, असं इतिहासकार सांगतात. सहलीतल्या किती गाइडांच्या तोंडी यातलं काही असतं? आपण मराठी पर्यटक तरी ते कुठे मागतो!

दगडावर कोरलेला पुरावा हवा असेल तर मल्लेश्वरमला जावं. काडु मल्लेश्वर देवळाशी निगडित १६६९ चा शिलालेख आहे. शहाजीराजांचे पुत्र एकोजी, म्हणजे व्यंकोजीराजे, यांनी मल्लापूरच्या देवासाठी मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दान दिल्याची नोंद त्यात आहे. शहाजीराजे १६६४ मध्ये होदिगेरे इथे शिकारीत घोड्यावरून पडून गेले होते. त्यांची समाधी तिथेच आहे, दावणगेरे जिल्ह्यात. एकोजी पुढे तंजावरला गेले आणि १६८७ मध्ये मोगलांनी बेंगळुरू घेऊन ते म्हैसूरच्या चिक्कदेवराजाला तीन लाख रुपयांना दिलं. जवळपास पन्नास वर्षांचा मराठी अंमल तिथे संपला. देवळं दुपारी बंद होतात, म्हणून अकराच्या आत इथे पोचायला हवं. उत्तरेच्या रस्त्याला लागायलाही मल्लेश्वरम सोयीचं. बेंगळुरू पॅलेस आणि विधानसौध यांना या दिवसात वेळ देऊ नये. ते दुसऱ्या दिवसाचे.

दोड्डबळ्ळापूरच्या बाजूला शहर सुटता सुटत नाही, पण सुटलं की जमीन लगेच लाल होते. कन्वल ग्रोव्हर यांनी १९८८ मध्ये फ्रेंच तज्ज्ञाला बरोबर घेऊन इथे वाइनच्या द्राक्षांचा मळा उभा करायला सुरुवात केली आणि १९९२ मध्ये त्यांची पहिली वाइन बाजारात आली. पुढे बोर्दोचे मिशेल रोलां त्यांचे सल्लागार झाले. २०१२ मध्ये ही कंपनी नाशिक जिल्ह्यात इगतपुरी तालुक्यातल्या सांजेगावच्या वायनरीशी एक झाली आणि ग्रोव्हर झाम्पा हे नाव आलं. जयराम पिंड्ये ज्या वाटेने आला त्या वाटेचं हे आजचं रूप मानायला हरकत नाही. चन्नपट्टणच्या बाजूला गेलात तर तिथेही नाशिकच भेटतं. तिथली जुनी हेरिटेज वायनरी २०१७ मध्ये नाशिकच्या सुलाने घेतली.

मळ्यात उतरल्यावर नाशिक, सांगली, सोलापूरच्या बागायतदाराला समजावून सांगायला फारसं काही लागत नाही. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरच्या आसपासची गोडी छाटणी, डॉगरिज खुंट, ठिबक, भुरी आणि डाऊनीची धास्ती, सगळं ओळखीचं. इतरांसाठी एवढं सांगायला हवं, की युरोपात हिवाळ्यात बर्फ पडतं आणि वेल आपोआप झोपी जातो. १३ अंश अक्षांशावर असा हिवाळा नाही. इथे वेल बारा महिने वाढतच राहतो. म्हणून कात्रीने त्याला थांबवावं लागतं आणि कात्रीनेच जागं करावं लागतं. पहिली छाटणी काडी तयार करण्यासाठी, दुसरी फळासाठी. पीक जानेवारीनंतर, कोरड्या दिवसांत आणि गार रात्रींत तयार होतं. नंदीच्या पायथ्याची उंची इथे कामाला येते, कारण रात्री गार असल्या तरच द्राक्षातली आंबटी टिकते आणि तिच्याशिवाय वाइन मिळमिळीत लागते. खायच्या द्राक्षापेक्षा वाइनचं द्राक्ष लहान, जाड सालीचं, बियांचं आणि जास्त गोड. साखर ब्रिक्सच्या मापाने साधारण २२ ते २४ भरली की त्याची तोडणी होते.

आत कारखान्यात मोठ्या स्टीलच्या टाक्या, पंपांचा आवाज आणि आंबूस वास. इथे एकच गोष्ट नीट समजून घ्यावी. लाल आणि पांढऱ्या वाइनमधला मुख्य फरक सालीचा आहे. पांढरीसाठी रस लगेच काढून साल बाजूला करतात आणि कमी तापमानात सावकाश आंबवतात. लालसाठी साल आणि बियांसकट आंबवतात. रंग आणि तुरटपणा सालीतून आणि बियांतून उतरतो. त्यातली काही वाइन पुढे फ्रेंच ओकच्या पिंपांत महिनोन्‌महिने ठेवतात, त्या तळघरातला गारवा लाकडाच्या वासाने भरलेला असतो. चाखताना आधी पांढरी, मग लाल. प्रत्येक घोट गिळलाच पाहिजे असं नाही, थुंकण्यासाठी भांडं ठेवलेलं असतं आणि ते वापरण्यात कमीपणा नाही. न पिणाऱ्यांची दुपार मळा आणि पिंपांचं तळघर पाहूनही सार्थकी लागते. गाडी चालवणाऱ्याने मात्र एक थेंबही घेऊ नये.

या सगळ्यात जे द्राक्ष खरं इथलं आहे ते वायनरीच्या टेबलावर क्वचितच भेटतं. त्याचं नाव बेंगळूर ब्लू. जांभळं-काळं, टपोरं, अंगावर पांढरी झाक. बोटाने दाबलं की साल सुटून हातात राहते आणि गर निसटतो. युरोपी द्राक्षाशी अमेरिकी लॅब्रुस्काचं रक्त मिसळलेली ही जात सुमारे दीडशे वर्षं बेंगळुरू, चिक्कबळ्ळापूर, कोलार भागात आहे आणि २०१३ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. या हवेत ती वर्षातून दोनदा पीक देते, रोगांना सहज बळी पडत नाही. तिच्या वासात एक उग्र गोडवा आहे, वाइनच्या जाणकारांना तो आवडत नाही. ज्यूस, जॅम आणि स्वस्त गोड वाइन यांतच ती जाते. गोव्यात पोर्ट म्हणून जी गोड लाल वाइन मिळते तिच्यातही हे द्राक्ष असतं. मला ते मनापासून आवडतं आणि त्याच्याकडे बघण्याची ही पद्धत बदलायला हवी असं वाटतं.

काळजी वाटते ती त्याच्या जमिनीची. २००८ मध्ये देवनहळ्ळीला विमानतळ आला आणि उत्तरेकडच्या गावांतल्या जमिनींचे भाव बदलले. मांडव काढून तिथे प्लॉट पाडले गेले, बोअरवेल खोल खोल जात राहिल्या. मोठ्या वायनऱ्या आपापले मळे सांभाळतील. एक-दोन एकरांत बेंगळूर ब्लूचा मांडव करणाऱ्या शेतकऱ्याला मात्र प्लॉटच्या भावाशी झुंजता येत नाही. वाइन पर्यटनाने या भागात पैसा आणला आहे. त्यातला थोडा या मांडवांपर्यंत पोचायचा असेल, तर सहलीत वायनरीइतकाच वेळ एखाद्या साध्या द्राक्षमळ्याला द्यायला हवा आणि घोटांबरोबर या द्राक्षाचा घड समोर यायला हवा. कर्नाटकाने २००७ मध्ये द्राक्ष प्रक्रिया आणि वाइनचं धोरण आणलं, महाराष्ट्राने त्याआधी २००१ मध्ये. दोन्हीकडे या धोरणांमुळे वायनऱ्या वाढल्या. छोट्या शेतकऱ्याच्या मळ्यापर्यंत पर्यटक नेण्याचं काम दोन्ही राज्यांत अजून बाकी आहे.

जायचं तर जानेवारीच्या मध्यापासून मार्चपर्यंत जावं, वेलांवर घड असतात आणि वायनरीत तोडणीची लगबग. आधी फोन करून जागा राखावी, शनिवार-रविवारी गर्दी फार असते. संध्याकाळी तासभर हाताशी असेल तर परतीला जवळच्या नंदी गावातलं भोगनंदीश्वराचं देऊळ बघता येतं. मूळ नवव्या शतकातलं, पुढे चोळ, होयसळ, विजयनगर यांनी वाढवलेलं. आणि अजून थोडा वेळ असेल तर मुद्देनहळ्ळी तिथून लांब नाही. ते सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचं जन्मगाव. मुंबई सरकारच्या नोकरीत असताना त्यांनी १९०३ मध्ये पुण्याच्या खडकवासला धरणावर आपल्या रचनेचे स्वयंचलित दरवाजे बसवले आणि पुणेकरांच्या पाण्याचा साठा वाढवला. त्यांचं घर तिथे जपून ठेवलेलं आहे.