निवृत्तिवेतनाची वेळ आणि वैधव्यातील निर्वाह

मुळशी तालुक्यात पिरंगुटच्या आसपास कारखाने उभे राहिले, तसा शेतीवर जगणाऱ्या घरांत मासिक पगार आला आणि त्याच्यामागोमाग निवृत्तिवेतनाचा विचारही आला. खाजगी कारखान्यांतील कामगारांच्या दृष्टीने या संदर्भात महत्त्वाची ठरते ती १९९५ ची कर्मचारी निवृत्तिवेतन योजना. निवृत्तिवेतन केव्हा मागावे, हा वरकरणी कामगाराचा एकट्याचा प्रश्न वाटतो. वस्तुतः त्याच्या उत्तरावर त्याच्या पत्नीचा वैधव्यातील निर्वाह अवलंबून असतो.

या योजनेत पूर्ण निवृत्तिवेतनाचे वय ५८ आहे. किमान दहा वर्षे सेवा करून नोकरी सोडलेल्या सभासदास ते ५० व्या वर्षापासून मागता येते. मात्र ५८ ला जितकी वर्षे कमी पडतील, तितक्या वर्षांची दरसाल ४ टक्के कपात होते. २००८ पर्यंत हा दर ३ टक्के होता. उलटपक्षी, २०१६ च्या दुरुस्तीनुसार ६० व्या वर्षापर्यंत थांबणाऱ्यास दरसाल ४ टक्के वाढ मिळते.

निवृत्तिवेतन सुरू झाल्यानंतर सभासद निवर्तल्यास, मृत्यूसमयी त्यास मिळत असलेल्या रकमेच्या निम्मी रक्कम विधवेस मिळते. विधुरासही हाच नियम आहे. समजा, ५८ व्या वर्षी दरमहा ६००० रुपये मिळावयाचे आहेत. विधवेचा वाटा मग ३००० होतो. मागणी ५७ व्या वर्षी केल्यास तो २८८० आणि ५९ व्या वर्षी केल्यास ३१२० होतो. ५० व्या वर्षीच्या मागणीने मात्र सुमारे तीन-दशांश घट पडते. या निवृत्तिवेतनास महागाईभत्त्याची जोड नसल्याने घट पुढे भरून निघत नाही. सेवेत असताना मृत्यू आल्यास नियम वेगळा आहे.

अमेरिकेत विधवेने स्वतः कोणत्या वयात मागणी केली, यावरही तिची रक्कम ठरते. ६० व्या वर्षी घेतल्यास ती घटते. येथे विधवेच्या वयाचा विचार नाही. म्हणजेच तिच्या हाती निवडीचे साधनही नाही.

विधवेसाठी २०१४ पासून १००० रुपयांची किमान मर्यादा आली. त्यामुळे पतीची रक्कम २००० च्या आत असल्यास लवकर मागणीचा फटका तिला बसत नाही. तो बसतो तो त्याहून अधिक मिळविणाऱ्यांच्या घरांत. म्हणून मागणीचा अर्ज भरण्यापूर्वी पतीपत्नींनी दोन्ही आकडे, त्याचा आणि तिचा, शेजारी मांडून पाहणे अगत्याचे होय.