एक एकर, दोन फूट हिम

आटपाडी-खानापूरची सोनं गाळणारी गलाईवाली माणसं देशभर सोन्याचा काटा सांभाळतात. गुंजभर फरकही त्यांच्या नजरेतून सुटत नाही. पावसाचंही तेच. कायम कमी पावसाच्या या मुलखात थेंब न् थेंब मोजला जातो. तेव्हा हिमालयातलं हिमही आपल्याच मापानं मोजून पाहू.

ताजं हिम ओंजळीत कापसासारखं लागतं. वाऱ्यानं दाबून बसवलेला थर मात्र घनमीटरला दोनशे किलोच्या घरात जातो. एक एकर उतारावर असा दोन फुटांचा थर बसला, तर त्याचं वजन सुमारे पाचशे टन. एकरी चाळीस टन उतारा धरला, तर बारा एकरांचा ऊस एका एकरावर! आणि हा बोजा पेलून धरलेला असतो बहुतेकदा साखरेच्या दाण्यांसारख्या, एकमेकांना न धरणाऱ्या कणांच्या पातळ थरानं. उतार तीस ते पंचेचाळीस अंशांचा असला की एका माणसाचं वजनही पुरतं. पायाखाली ‘धप्प’ आवाज होतो, पावलाजवळून भेग धावते, आणि काही सेकंदांत अख्खा एकर ताशी शंभर किलोमीटरच्या वेगानं निघतो. अशा हिमस्खलनात सापडलेल्या दहांपैकी नऊ जणांच्या बाबतीत थर सुटतो तो त्यांच्याच किंवा सोबत्याच्या पावलानं. हा आकडा मला सगळ्यात जास्त हलवतो.

कधी माणसाच्या पावलाचीही गरज नसते. 3 फेब्रुवारी 2016, सियाचीनमधलं सोनम ठाणं, उंची 19,600 फूट. बर्फाची भिंत कोसळली आणि दहा जवान गाडले गेले. त्यांतले सुनील सूर्यवंशी मस्करवाडीचे. आटपाडीला लागून असलेल्या माण तालुक्यातले. जखमींची शुश्रूषा हे त्यांचं काम. जवानांवरचा तीस फूट घट्ट बर्फ म्हणजे दर चौरस मीटरवर आठ टन. सहाव्या दिवशी धारवाडकडचे लान्स नाईक हनमंतप्पा कोप्पद जिवंत हाती लागले. 11 फेब्रुवारीला तेही गेले.

ते सहा दिवस अपवाद. एरवी पुरता गाडला गेलेला माणूस दहा मिनिटांत बाहेर काढला, तर दहांतले नऊ वाचतात; अर्धा तास उलटला की जेमतेम तीन.

आता आपल्याकडची पोरं डिसेंबरात हिमाचल-उत्तराखंडच्या बर्फात ट्रेकला जातात. जाऊ द्या, जरूर जाऊ द्या. पण रात्रीत फूटभर हिम पडलं, तर दुसऱ्या दिवशी तंबूतच थांबा. तीव्र उतार एकेकानं ओलांडा, बाकीच्यांनी नजर ठेवा. प्रत्येकाच्या अंगावर सिग्नल देणारं यंत्र, सॅकमध्ये शोधसळई आणि फावडं हवंच. मीटरभर खोल अडकलेल्याला काढायला टन-दीड टन हिम उपसावं लागतं. डाळिंबाचे खड्डे घेतलेल्या हातांना विचारा, तेवढी माती काढायला किती वेळ लागतो. आणि घसरून थांबलेलं हिम क्षणात सिमेंटसारखं आवळतं.