दानातला संगणक आणि अपडेट

मंद्रूपसारख्या गावातल्या शाळेला वापरलेले संगणक दान मिळाले, की सर्वांत आधी त्यांचे अपडेट पाहावेत. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने जगभरातल्या संगणकांतल्या फाइली कुलूपबंद केल्या. त्यावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच अपडेटमधून दिला होता. अनेकांनी तो बसवलाच नव्हता.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षा सोय लागते. बऱ्याच जुन्या यंत्रांत ती नसते. अशा यंत्रांवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही कार्यप्रणाली बसवता येते. ती मोफत आहे आणि तिच्या मुख्य आवृत्तीला सुमारे पाच वर्षे अपडेट मिळतात. मोबाइल हॉटस्पॉटवर डेटा वाचवायला अपडेट थांबवले असतील, तर आठवड्यातून एकदा वायफायवर ते पूर्ण करा.

दात्यांनो, संगणक देताना त्याच्या अपडेटची जबाबदारी कोणाची, हेही ठरवून द्या.