कर्ज फेडू, पण अब्रू गहाण टाकणार नाही!

रविवारी सकाळी विहारात वंदना संपली. आम्ही बाहेर येऊन चपला घालत होतो, तेवढ्यात फाटकाशी दोन तरुण मोटारसायकलवरून उतरले. त्यांनी आमचे नाव घेऊन सगळ्यांना ऐकू जाईल असे विचारले, "इथं हात जोडायला वेळ आहे, बँकेचे पैसे भरायला नाही का?" अंगणात पन्नास-साठ माणसे होती. आमची मुलगी शेजारीच उभी होती. आम्ही खाली मान घालून घरी आलो. ही २०२३ सालची गोष्ट.

वाचकहो, ही गोष्ट आज आम्ही आपल्या नावाने सांगत आहोत, त्याला कारण आहे. त्या रविवारनंतरच्या महिन्याभरात वस्तीतल्या चार घरांनी आम्हाला एकेकटे गाठले आणि आवाज खाली करून सांगितले, "आमच्याकडेही येतात हो." चार घरे एका गल्लीतली, पण एकाचे दुसऱ्याला ठाऊक नाही! वसुलीवाल्याचे फावते ते इथेच.

हे कर्ज झाले कसे? आम्ही एका खासगी कारखान्यात हिशेबनीस होतो. पगार ज्या बँकेत जमा होई, तिने पगारखात्यावर ८० हजारांचा ओव्हरड्राफ्ट दिला. म्हणजे खात्यात पैसे नसले तरी तेवढ्या मर्यादेपर्यंत उचलण्याची सोय. मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला. शिष्यवृत्ती मंजूर होती, पण रक्कम येईना, आणि कॉलेज 'आधी फी भरा' म्हणून अडून बसलेले. शिष्यवृत्तीची वाट पाहता पाहता किती घरे कर्जात उतरतात, याचा हिशेब कोण मांडणार? आम्ही ७२ हजार उचलले. पुढे कारखान्याला टाळे लागले आणि पगारच थांबला.

ओव्हरड्राफ्टला ठरलेला हप्ता नसतो, म्हणून सुरुवातीला ते कर्ज वाटतच नाही. व्याज मात्र रोजच्या बाकीवर लागते, दर महिन्याला खात्यात नावे पडते आणि पुढे त्या व्याजावरही व्याज चढते. पगार येत होता तोवर खड्डा आपोआप बुजत होता. पगार बंद झाला, ९० दिवस खात्यात काही जमा झाले नाही आणि खाते थकीत ठरले. वर्षभरात व्याज आणि इतर आकार धरून मागणी ९१ हजारांवर गेली. मधल्या काळात आम्हाला दुसरीकडे काम मिळाले, पण पहिला पगार त्याच खात्यात घेण्याची चूक केली. बँकेने तो पुरता वळता करून घेतला. त्या महिन्याचा किराणा उधारीवर आणला. म्हणून सांगतो, ज्या बँकेचे देणे थकले तिथे नवा पगार घेऊ नये. दुसरीकडे खाते उघडणे म्हणजे लबाडी नव्हे. घर चालले तरच कर्ज फिटते.

आता मूळ प्रश्न असा, की वसुलीवाल्याच्या हातात असते तरी काय? कायद्याने जवळजवळ काहीच नाही. तो अटक करू शकत नाही, घरात घुसू शकत नाही, भांडे उचलू शकत नाही. बँकेला सक्तीने वसूल करायचे तर तिने कायद्याच्या वाटेने जावे. पण कोर्टाला वेळ लागतो, खर्च लागतो. माणसाला चारचौघांत खाली पाहायला लावणे स्वस्त पडते. वसुलीवाल्याचे खरे हत्यार कायदा नव्हे, आपले शेजारी आहेत.

रिझर्व्ह बँकेने २४ एप्रिल २००८ रोजी वसुली एजंटांबाबत बँकांना सूचना दिल्या. एजंटाजवळ ओळखपत्र आणि बँकेचे अधिकारपत्र हवे, वसुली कोणत्या एजन्सीकडे दिली हे बँकेने कर्जदाराला कळवायला हवे. कर्जदाराची तक्रार प्रलंबित असेल, तर तिचा निकाल लागेपर्यंत प्रकरण एजंटाकडे सोपवू नये, असेही त्यात आहे. तक्रारी निव्वळ त्रास देण्यासाठी केल्याचा पुरावा बँकेकडे असेल तेवढाच अपवाद. १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाने सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचे फोन करण्यास मनाई केली. शिवीगाळ, धमकी, चारचौघांत अपमान, नातेवाईक व मित्रांना त्रास, मोबाईलवर घाणेरडे संदेश, हे सारे त्यात निषिद्ध ठरले. एजंटाच्या वागण्याची जबाबदारी बँकेचीच, हेही स्पष्ट झाले. आपल्या मायभगिनींनी गटातून घेतलेल्या सूक्ष्म कर्जासाठी तर २०२२ च्याच वेगळ्या नियमांनी सकाळी ९ ते संध्याकाळी ६ ही वेळ घालून दिली. त्याआधी २००७ साली प्रकाश कौर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावले होते, की बँकांनी वसुलीसाठी गुंड पाळू नयेत, कायद्याच्या मार्गानेच जावे.

"जेलमध्ये घालू" ही वसुलीवाल्याची आवडती धमकी. १९८० साली जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी निकाल दिला, की ऐपत नसताना, बदहेतू नसताना, केवळ कर्ज फेडता आले नाही म्हणून माणसाला तुरुंगात टाकणे घटनेच्या कलम २१ शी विसंगत आहे. गरिबी हा गुन्हा नव्हे! उद्या कोर्टाचा हुकूमनामा झाला, तरी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे अंगावरचे जरुरीचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि कारागिराची हत्यारे जप्त होत नाहीत. पगारातले पहिले १००० रुपये आणि उरलेल्याचा दोन-तृतीयांश भागही अशा जप्तीपासून सुरक्षित आहे.

मात्र अर्धवट माहितीवर छाती काढून चालू नये. कर्जापोटी दिलेला चेक वटला नाही, तर कलम १३८ खाली फौजदारी खटला होतो आणि दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. तशी नोटीस हातात पडली, की पैसे भरायला १५ दिवस मिळतात. नोटीस न घेता परत पाठवणे हा शहाणपणा नव्हे. कोरे चेक सही करून देऊ नका. आणि मैत्रीखातर जामीन राहणाऱ्यांनो, करार कायद्याने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, हे सहीआधी आठवा.

आता बोचणारी गोष्ट. दुसऱ्या खेपेला ते गल्लीत आले, तेव्हा त्यातला एक आमच्या जातीचे नाव घेऊन म्हणाला, "तुम्हाला फुकटचं खायची सवयच आहे." थकबाकीचा जातीशी काय संबंध? चारचौघांत दिसेल-ऐकू येईल अशा जागी जातीवरून अपमान करणे हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे आणि पोलिसांनी तो नोंदवलाच पाहिजे. पण हा कायदा कर्ज चुकवण्याची ढाल होता कामा नये. एक खोटी तक्रार शंभर खऱ्या तक्रारींचे पाय तोडते.

त्या रात्री आम्ही जेवलो नाही. मुलगी समोर बसली आणि म्हणाली, "बाबा, लाज कशाची? माझ्या फीचे पैसे आहेत ते. तुम्ही लिहा, मी टाईप करते." दुसऱ्या दिवशी शाखाधिकाऱ्यांना पत्र दिले. नोकरी कधी गेली, एजंट कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणासमोर काय बोलले, दरमहा किती भरू शकतो, सगळे लिहिले. खातेउतारा मागितला. दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का घेतला. अशा पत्रात कर्ज कबूल केले, की दाव्याची तीन वर्षांची मुदत नव्याने सुरू होते. म्हणून कर्ज जुने असेल तर आधी वकिलाला विचारावे. आमचे देणे ताजे होते आणि फेडायचेच होते.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते आणि त्याला फी लागत नाही. आमच्यावर ती वेळ आली नाही. २६ व्या दिवशी बोलावणे आले. एजंटांचे येणे थांबले. ८४ हजारांवर तडजोड झाली, दरमहा ४ हजारांचे २१ हप्ते. आम्ही एकही हप्ता चुकवला नाही आणि शेवटी बेबाकी दाखला हातात घेतला. ७ हजारांची सूट मिळाली, पण पत अहवालात 'सेटल्ड' असा शेरा पडला. पुढे कर्ज मागताना तो आडवा येतो. सूट घेण्याआधी हे जरूर विचारून घ्यावे.

पुढे एकदा त्या दोघांपैकी धाकटा मुलगा चहाच्या टपरीवर भेटला. त्याने नजर चुकवली, मग हळूच "जयभीम काका" म्हणाला. पलीकडच्या वस्तीतला, बी.ए. झालेला. "वसूल झालं तरच पैसे मिळतात, पगार नाही," एवढेच बोलला. आम्ही त्याचाही चहा सांगितला. आपल्याच पोराला आपल्याच दारात ओरडायला लावणारी ही व्यवस्था आहे. म्हणून एजंटाच्या अंगावर हात टाकू नका. हिशेब बँकेला विचारा, आणि तो कागदावर विचारा.

प्रत्येक जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे. १९८७ च्या कायद्याने अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना आणि महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. लोकअदालतीत दावा दाखल होण्याआधीही तडजोड होते. आपल्यातले किती जण ते दार ठोठावतात?

आमच्या विहारात आता रविवारी वंदनेनंतर अर्धा तास एक टेबल लागते. एक वकिलीचा विद्यार्थी, एक निवृत्त बँक कर्मचारी आणि टाईप करायला आमची मुलगी. ज्या अंगणात आमची मान खाली गेली, त्याच अंगणात. पहिल्या रविवारी कोणीच पुढे येईना. मग आम्हीच आमचा बेबाकी दाखला टेबलावर ठेवला आणि सगळी हकीकत मोठ्याने सांगितली. त्यानंतर एक बाई पदरात गुंडाळलेली नोटीस घेऊन पुढे आल्या. आपल्या विहारातही असे एक टेबल लावा. घेतलेले कर्ज फेडायचेच आहे. पण ते मान वर ठेवून!