'बाय' आणि 'अनटिल': दोन्हींचा अर्थ 'पर्यंत', मग फरक काय?

"३० जूनपर्यंत फॉर्म भरा" आणि "३० जूनपर्यंत ऑफिस बंद राहील". मराठीत दोन्हीकडे 'पर्यंत' चालतं, उर्दूत दोन्हीकडे 'तक'. इंग्रजीत मात्र पहिल्या वाक्यात 'बाय' लागतो आणि दुसऱ्यात 'अनटिल'. मराठी किंवा उर्दू माध्यमातली मुलं इथेच अडखळतात.

अर्थ

'बाय' म्हणजे मुदत. काम त्या वेळेपर्यंत कधीही करा, पण पूर्ण झालं पाहिजे. 'अनटिल' म्हणजे ती वेळ येईपर्यंत एखादी गोष्ट सलग चालू राहणं.

रोजाचंच बघा. सेहरी पहाटेच्या आत उरकायची असते: 'फिनिश सेहरी बाय डॉन'. रोजा मात्र मगरिबपर्यंत चालू असतो: 'वी फास्ट अनटिल सनसेट'.

चूक कुठे महागात पडते?

नोकरीच्या मेलमध्ये 'आय विल सेंड द डॉक्युमेंट्स अनटिल मंडे' लिहिलं, तर अर्थ होतो, सोमवारपर्यंत मी कागदपत्रं पाठवतच राहीन! तिथे 'बाय मंडे' हवं.

गल्फला जाणाऱ्यांनी तर नीट वाचावं. 'स्टे अनटिल १५ मार्च' म्हणजे तोपर्यंत राहता येईल. 'लीव्ह बाय १५ मार्च' म्हणजे उशिरात उशिरा त्या दिवशी देश सोडायलाच हवा.

डॉक्टर म्हणाले, 'डोन्ट ईट अनटिल द टेस्ट', तर टेस्ट होईपर्यंत काहीही खायचं नाही.

व्याकरण

वेळ सांगताना 'बाय'नंतर फक्त वार, तारीख, वेळ असं नाम येतं. 'अनटिल'नंतर नामही चालतं आणि वाक्यही, कारण तो दोन वाक्यं जोडतो: 'वेट अनटिल ही कम्स'. इथे 'अनटिल ही विल कम' लिहू नका, ते चूक आहे. 'बाय'ला वाक्य जोडायचं असेल तर 'बाय द टाइम' वापरा: 'बाय द टाइम अब्बा केम, वी हॅड ईटन'.

'टिल'चा अर्थ 'अनटिल'सारखाच. औपचारिक पत्रात 'अनटिल' बरा दिसतो.

सोपी युक्ती

वाक्यात 'उशिरात उशिरा' बसत असेल तर 'बाय'. 'तोवर चालूच' बसत असेल तर 'अनटिल'.

आता मुलांना विचारा:

१. दुकान रात्री १० पर्यंत उघडं असतं.
२. फी शुक्रवारपर्यंत भरा.
३. अम्मी येईपर्यंत थांब.

उत्तरं: अनटिल, बाय, अनटिल.