उद्योगसमूह, बहुविध

एकाच प्रवर्तक कुटुंबाच्या किंवा धारक कंपनीच्या नियंत्रणाखाली असलेल्या, परंतु कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र व परस्परांहून भिन्न व्यवसाय करणाऱ्या कंपन्यांचा समुच्चय. भारतातील टाटा व बिर्ला, द. कोरियातील ‘चेबोल’ आणि दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या जपानमधील ‘झाइबात्सू’ ही त्याची प्रमुख उदाहरणे होत.

विकसनशील देशांत भांडवलबाजार अपुरा असतो, अनुभवी व्यवस्थापक दुर्मिळ असतात व करारांची अंमलबजावणी सावकाश होते. अशा वेळी समूहाची पत नव्या कंपनीस भांडवल मिळवून देते, एका उद्योगातील नफा दुसऱ्याच्या उभारणीस उपयोगी पडतो आणि प्रशिक्षित माणसे एकीकडून दुसरीकडे नेता येतात. बाजारपेठेने करावयाचे कार्य अशा रीतीने समूहच अंतर्गत पार पाडतो.

टाटा समूहाचा विस्तार याचे उत्तम उदाहरण होय. नागपूरच्या एम्प्रेस मिलनंतर (१८७७) हा समूह पोलाद (१९०७) व जलविद्युत् (१९१०) या क्षेत्रांत उतरला. मुंबईच्या गिरण्यांना विजेची गरज होती. ती भागविण्यासाठी सह्याद्रीच्या माथ्यावरील पावसाचे पाणी अडवून ते कोकणच्या बाजूस सोडण्यात आले आणि तत्कालीन कुलाबा (विद्यमान रायगड) जिल्ह्यात खोपोली (१९१५), भिवपुरी (१९२२) व भिरा (१९२७) ही वीजकेंद्रे उभी राहिली. १९२४ मध्ये पोलाद कंपनी संकटात सापडली, तेव्हा दोराबजी टाटा यांनी स्वतःची मालमत्ता तारण ठेवून तिच्यासाठी कर्ज मिळविले.

समूहाच्या सामर्थ्याची दुसरी बाजूही याच योजनांत दिसते. भिरा केंद्रासाठी मुळशी येथे बांधावयाच्या धरणाविरुद्ध मावळातील शेतकऱ्यांनी १९२१ मध्ये सत्याग्रह आरंभिला. सेनापती बापट हे त्याचे अग्रणी होते. तथापि भूसंपादन कायद्याचे पाठबळ कंपनीस मिळाले व शेतजमिनी पाण्याखाली गेल्या. विजेचा लाभ मुंबईस झाला, विस्थापनाचा भार मात्र मावळावर पडला.

आर्थिक सत्तेच्या केंद्रीकरणास आळा घालण्यासाठी भारतात १९६९ मध्ये मक्तेदारी नियंत्रणाचा कायदा झाला आणि १९७० मध्ये व्यवस्थापन अभिकर्ता पद्धती रद्द करण्यात आली. १९९१ नंतर ही नियंत्रणे शिथिल झाली. पुढे २००२ च्या स्पर्धा अधिनियमाने मक्तेदारीविषयक कायद्याची जागा घेतली. कर्जाच्या आधारे अनेक क्षेत्रांत पसरलेला द. कोरियातील देवू समूह १९९९ मध्ये कोसळला. यावरून समूहामुळे उणिवा भरून निघत असल्या, तरी बँका, भागधारक व बाधित जनता यांच्यापुढे त्यास उत्तरदायी ठेवणाऱ्या संस्था समर्थ असणे आवश्यक ठरते.