एर्मू रस्त्यावरील काप्निकारेआ

अथेन्सच्या सिंटाग्मा चौकातून पश्चिमेस निघालेला एर्मू हा सरळ आखलेला व्यापारी रस्ता, दुतर्फा कपड्यांची व पादत्राणांची दुकाने बाळगीत काही अंतर गेल्यावर एकाएकी दुभंगतो, कारण त्याच्या ऐन मध्यावर, भोवतालच्या फरसबंदीहून सखल जागी, कुमारी मरियेचे काप्निकारेआ हे लहानसे ऑर्थोडॉक्स चर्च उभे आहे.

अकराव्या शतकाच्या मध्यास, अथेन्स हे बायझंटाइन साम्राज्यातील दुय्यम प्रतीचे नगर असताना, ही वास्तू बांधली गेली. तिच्यात विस्ताराचे वैभव नाही. पण भिंतीशी जाऊन निरखावे, तर प्रत्येक घडीव चिऱ्याभोवती पातळ तांबड्या विटांची चौकट बसविलेली दिसते, आणि वर अष्टकोनी घुमटाच्या कोपऱ्यांवर संगमरवरी सडपातळ खांब उभे दिसतात. आत तो घुमट ज्या चार स्तंभांनी पेलला आहे, ते रोमन अमदानीतील जुन्या वास्तूंमधून आणलेले आहेत. एका धर्माच्या पडझडीतून दुसऱ्याने आपले छप्पर उभारावे, हा त्या नगराचा जुना शिरस्ताच होता. उत्तरेकडील संत बार्बराचे उपमंदिर व पश्चिमेची ओवरी ही मागाहून पडलेली भर.

तुर्की अंमल संपून 1834 साली राजधानी अथेन्सला आली, तेव्हा नव्या नगराच्या नकाशात हे चर्च आड येऊ लागले आणि ते पाडण्याचे घाटले. परंतु तरुण राजा ओटो याचा पिता, बव्हेरियाचा राजा पहिला लुडविग, याने रदबदली केली आणि अरिष्ट टळले. 1863 साली तीच मसलत पुन्हा निघाली, त्या वेळी अथेन्सच्या धर्माध्यक्षांनी ती हाणून पाडली. इतर कित्येक जुन्या चर्चेसना असा कैवारी लाभला नाही. त्यांचे दगड नव्या महाचर्चच्या बांधकामात गेले, आणि ही हानी कोणत्याही रुंद रस्त्याने भरून निघण्याजोगी नाही, असे मला निश्चितपणे वाटते.

1931 पासून चर्चचा ताबा अथेन्स विद्यापीठाकडे आहे. आतील भिंतींवरील बहुतेक चित्रे विसाव्या शतकातील असून, ती आशिया मायनरमधून आलेला चित्रकार फोटिस कोंटोग्लू याने बायझंटाइन परंपरेला इतक्या निष्ठेने अनुसरून रंगविली आहेत, की नवखा पाहणारा त्यांना सहज प्राचीन समजतो.

येथे आजही उपासना चालते, आणि 21 नोव्हेंबरला मरियेच्या मंदिरप्रवेशाचा उत्सव होतो. अथेन्सला जाणाऱ्या वाचकाने अ‍ॅक्रोपोलिसवरून उतरल्यावर निदान घटकाभर या चार स्तंभांमध्ये जाऊन उभे राहावे.